सॉर्टरवाल्या कुमरे बाई

कुमरे बाई आमच्या मिलमध्ये पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी शेठनं त्यांना तांदूळ निवडायला बसवलं.

त्यात शेठची फार चूक नव्हती. मूल गावच्या त्या राईस मिलमध्ये मी मशीन ऑपरेटर होतो, आणि गेटवर उभा असून मीही त्यांना ओळखलं नव्हतं. तांदळातले काळे दाणे वेगळे काढणारी आमची सॉर्टर मशीन चार दिवसांपासून बिघडलेली होती. माल तर पाठवायचाच होता, म्हणून शेठनं तलावाजवळच्या वस्तीतल्या बाया निवडायला बोलावल्या होत्या. गोदामात ताडपत्रीवर दहा-बारा जणी सूप घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात पन्नाशीच्या आसपासची एक सावळी, बारीक अंगाची बाई खांद्याला रेक्झिनची पिशवी लावून आत आली. शेठ फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलताच ताडपत्रीकडे हात केला. बाई गेल्या, चपला काठाशी काढल्या, कोणीतरी पुढे सरकवलेलं सूप मांडीवर घेतलं आणि निवडायला लागल्या.

अर्ध्या तासानं शेठ माझ्यावर चिडले. "शेंडे, तो चंद्रपूरचा टेक्निशियन कुठी हाय? दहाच्या बसनं येनार होता ना?"

ताडपत्रीवरून आवाज आला, "मीच आली जी दहाच्या बसनं."

शेठ चपापले. "मंग तुमी तिथी काऊन बसल्या?"

"तुमीच बसा म्हटलं."

आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी सुपातले निवडलेले तांदूळ ढिगावर ओतले, काळे दाणे मुठीत घेऊन वेगळ्या डब्यात टाकले, पदर झटकला आणि मला विचारलं, "मशीन कोनत्या बाजूनं हाय?"

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं की त्या दिवशी बोलल्या का नाहीत. म्हणाल्या, "माही माय सिंदेवाहीच्या मिलमध्ये हेच करे. हातात सूप आलं तं वाटलं, पाहू, हाताले आठवते का. आठवलं."

ही मशीन काय करते ते सांगितल्याशिवाय बाईंचं काम समजणार नाही. तांदूळ वरच्या हौदातून उतरत्या पन्हाळींवरून खाली येतो. पन्हाळीच्या तोंडाशी कॅमेरे असतात. दाणा काळा दिसला की चार बोटं खाली असलेल्या बारीक नळीतून हवेचा फटका बसतो आणि तेवढा एक दाणा बाजूला उडतो. कॅमेऱ्यासमोरून नळीसमोर यायला दाण्याला डोळ्याची पापणी लवायच्याही आतला वेळ लागतो. तेवढा वेळ 'हा दाणा उडव' हा निरोप कुठंतरी थांबवून ठेवावा लागतो. आमच्या मशीनमध्ये ते काम एका बोर्डावरच्या दोन चिपा करायच्या. चिपेच्या पोटात साठवणीची जागा एकच. तिच्यात रांगा पाडायच्या, एकेका पन्हाळीसाठी एकेक. रांगा किती, कोणत्या रांगेला किती जागा, रांग कुठवर भरली की खूण करायची, हे सगळं चिपेला मशीन चालू होताना सांगावं लागतं. वीज गेली की ती सगळं विसरते. आणि सांगायचा रस्ता म्हणजे तिचा सिरियल पोर्ट. एकाच तारेतून, एकामागे एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक.

आमच्या मशीनमध्ये हे सांगणारा जो भाग होता, तोच जळाला होता. चिपेनं मग आपल्या मनानं सगळ्या रांगा सारख्या पाडल्या. निरोप अवेळी पोचायला लागले. काळा दाणा सुखरूप खाली यायचा आणि त्याच्यामागचा चांगला दाणा उडायचा. कंपनीच्या इंजिनियरनं येऊन सांगितलं, हा बोर्ड आता बनत नाही, नवीन मशीन घ्या. शेठनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग कोणीतरी चंद्रपूरच्या कुमरे टेक्निशियनचं नाव सांगितलं, बाई आहे हे सांगायचं राहिलं.

त्यांची पद्धत मी त्या दिवशी पाहिली, आणि नंतरची तीन वर्षं तीच पाहत राहिलो. मशीन उघडायच्या आधी त्या तिच्या पत्र्यावर तळहात टेकून उभ्या राहत. मी काय काय बिघडलं ते सांगायला लागलो की थांबवत. "मशीननं काय केलं ते मंग सांगा. पयले तुमी काय केलं ते सांगा." त्यात पुष्कळ गोष्टी बाहेर यायच्या. मी एकदा हवेनं धूळ उडवताना एक वायर ओढली होती आणि दोन दिवस कोणाला बोललो नव्हतो. ते त्यांनी पाच मिनिटांत काढून घेतलं आणि शेठला सांगितलं नाही.

मग त्यांनी दहा-वीस दाणे निळ्या शाईत बुडवले, वाळवले आणि एकेक करून पन्हाळीत सोडले. डोळे मिटून हवेच्या फटक्याचा आवाज ऐकला. एका वहीत काहीतरी लिहिलं. पिशवीतून चिपेची माहिती छापलेला कागदांचा गठ्ठा निघाला. सगळं इंग्रजी, आणि समासात पेन्सिलीनं बारीक मराठी. कुठं 'हे पयले', कुठं 'इथी थांबावं', कुठं नुसतं 'समजलं नाई'. मी तो गठ्ठा न्याहाळत होतो तेव्हा म्हणाल्या, "सात वेळा वाचला. आठव्या वेळी कळला."

चौकटीच्या वहीत त्या एकासाठी उभी रेघ मारत आणि शून्यासाठी टिंब देत. पानंच्या पानं रेघा आणि टिंबं. लॅपटॉप जुना, त्याच्यापुढं त्यांनी स्वतः झाळलेलं छोटं कार्ड, आणि तिथून चिपेपर्यंत तारा. बिट जाताना त्या बोटांच्या पेरांवर गोंडीत मोजत. उंडी, रंड, मूंड. तेवढा वेळ कोणी बोललेलं चालत नसे. लॅपटॉप मोजतोच की, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "तो मोजते, पन त्याले काळजी नाई."

दोन चिपा एकमेकींना जोडलेल्या होत्या. पहिलीचं पोट भरलं की ती दुसरीला पुढचं घ्यायला सांगायची. दुसरीचंही झालं की बोर्डावरचा हिरवा दिवा लागायचा. पूर्ण यादीतला एक बिट जरी कमी पडला तरी दिवा लागत नसे, आणि कुठला कमी पडला हेही चिप सांगत नसे. पुन्हा पहिल्यापासून. त्या पहिल्या वेळी दोन दिवस गेले. किती वेळा पुन्हा झालं ते मी मोजलं नाही. दरवेळी बाई कंबर सरळ करून उभ्या राहत, भिंतीला पाठ लावत, मिनिटभर तशाच थांबत आणि परत बसत. शेठ येऊन विचारत, "होईल का बाई?"

"होते ना."

हे त्यांचं कशावरचंही उत्तर होतं. बस चुकली, आता कसं? होते ना. गुडघा दुखतो, डॉक्टरकडं जायचं नाही का? होते ना. त्यात जोर नसायचा. अशी माणसं मी आमच्याकडं पुष्कळ पाहिली आहेत, जी थकल्याचं सांगत नाहीत कारण सांगून उपयोग झाल्याचं त्यांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा लागला. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. बाई म्हणाल्या, "थांबा. दाना पडू द्या." एक पोतं चालवलं. खाली पांढरा तांदूळ आला, बाजूच्या डब्यात काळे दाणे आणि शाईचे निळे. तेव्हा कुठं त्यांनी कोरा चहा मागितला. दुधाचा त्या घेत नसत.

त्यांचं मूळ गाव धानोऱ्याकडं, जंगलातलं. वडील मोहफुलं आणि डिंकाच्या कामात, आणि आई धान निघाल्यावर चार महिने सिंदेवाहीला मिलवर. बाई मावशीकडं राहून शिकल्या, टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागल्या, गडचिरोली जिल्ह्यात गावोगावची एक्स्चेंजं सांभाळली. एक्स्चेंजं बंद पडत गेली तसं खात्यानं लवकर निवृत्ती घ्या म्हटलं, त्यांनी घेतली. लग्न केलं नव्हतं. चंद्रपूरला एका खोलीत राहायच्या आणि मिल, वजनकाटे, दवाखान्यातली जुनी यंत्रं, जे येईल ते दुरुस्त करत फिरायच्या. फक्त मार्च महिन्यात, मोहफुलाच्या दिवसांत, गावच्या पंडुम सणाला गेल्या की आठवडाभर फोन लागत नसे. शेठ त्या आठवड्यात देवाचं नाव घेऊन मशीन चालवायचे.

कंपनीचा तो इंजिनियर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला, नवीन मशीनचं पुस्तक घेऊन. जुनी चालू पाहून तो मशीनच्या मागं गेला, बोर्ड बघितला. योगायोगानं बाई त्या दिवशी तिथेच होत्या. तो पोरगेला, चांगल्या घरचा, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, आपने इसकी ट्रेनिंग कहाँ ली?"

"ट्रेनिंग नाई. कागद भेटला, वाचला."

त्यानं दोन-तीन प्रश्न विचारले. बाईंनी उत्तरं दिली आणि मग त्याला एक विचारला, दुसऱ्या चिपेच्या रांगांचे आकडे आधी पाठवायचे की नंतर, ह्याबद्दल काहीतरी. त्यानं हातातलं पुस्तक चाळलं आणि मिटलं. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "त्याले खरंच माहीत नोहोतं. मले वाटलं, त्याले विचारून घ्यावं. मलेबी त्यात अजून शंका हाय."

तर दुरुस्ती अशी होती की ती टिकायची नाही. वीज तासभर गेली तर यूपीएस सांभाळून घ्यायचा. त्यापेक्षा जास्त गेली की चिप सगळं विसरायची, आणि बाईंना चंद्रपूरहून यावं लागायचं. आमच्या भागात लाइन कशी जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा-तीनदा. बाई दुसऱ्या कामात असल्या तर दोन-चार दिवस लागायचे. तेवढे दिवस वस्तीतल्या बाया सूप घेऊन येत. बाई येऊन रांगा भरत, दिवा लागे, बाया सूप काखेत मारून घरी जात. आमच्या मिलचं हे रहाटगाडगं तीन वर्षं चाललं.

बायांमध्ये सरूबाई पुढची. तिचा नवरा तलावावर मासोळी धरायचा, ती बाजारात विकायची, धानाच्या रोवणीला जायची आणि मशीन बसली की मिलवर यायची. कुमरे बाई आल्या की आधी ताडपत्रीजवळ जात. "जोहार, सरूबाई." "जोहार बाई. आल्या का आमाले उठवाले?" दोघी हसत. त्या हसण्यात मला काही वावगं दिसलं नाही. बाई काम संपवून निघताना मात्र ताडपत्रीच्या बाजूनं जात नसत. मागच्या, कोंड्याच्या ढिगाकडच्या दारानं जात.

एकदा काम करताना त्यांनी मला पिशवीतला बारीक पेचकस काढायला सांगितला. पिशवीत हात घातला तर एक साबणाची डबी लागली. मला वाटलं पेचकस त्यातच असेल. उघडली. आत कापसात एक छोटं कार्ड होतं, नीट झाळलेलं, आणि त्यावर चिकटपट्टी लावून आमच्या मिलचं नाव लिहिलेलं. आयटीआय मीही केलेलं आहे. ते काय आहे ते मला कळलं. ते बोर्डाला लावलं की मशीन चालू होताना चिपेला तेच सगळं सांगणार होतं. मग लाइन कितीही जावो.

मी डबी हातात धरून उभा राहिलो. बाईंनी मागं वळून पाहिलं.

"ठेवा तिथीच, शेंडे भाऊ."

"हे कधी बनवलं?"

"दोन पावसाळे झाले."

"मंग लावलं काऊन नाई?"

हातातली तार सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे लावलं तं त्या बाया पुन्हा इथी येत नाई. माह्या मायले बी असंच एक दिवस नका येऊ म्हटलं होतं. मशीन आली होती." तार सोलून झाली. "अन् हे लावलं तं मी बी येत नाई. माही भाकर त्यातच हाय, हे बी खरंच. उगाच मले चांगली नका समजू."

मी डबी बंद करून ठेवली. शेठला सांगावं असं मनात आलं आणि गेलं. शेठ वाईट माणूस नव्हता. पगार वेळेवर द्यायचा, कोणाच्या घरी दुःख झालं तर जायचा. मी त्याचं मीठ खात होतो. तरी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मीही त्यात होतो.

त्यानंतरच्या जानेवारीत जे झालं ते असं. आमच्याकडून त्या दिवसांत बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. मुकादम ट्रक घेऊन येतो, एका वस्तीतून पंचवीस-तीस जणी भरतो. दीड-दोन महिने तिकडे राहायचं. मजुरी मिळते, वर घरी न्यायला मिरची मिळते, वर्षाचं तिखट होतं. सरूबाई आणि तिच्यासोबतच्या बाया दरवर्षी जात.

ट्रक यायच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला, वारा सुटला, खांब पडले आणि लाइन गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. सॉर्टर बसली. शेठकडं मोठा माल जायचा होता. त्यांनी बाईंना फोन लावला. बाई राजुऱ्याकडं एका खाणीच्या वजनकाट्यावर होत्या. म्हणाल्या, आठ दिवस तरी येता येणार नाही. शेठनं वस्तीत निरोप पाठवला, आठ दिवस काम आहे, सगळ्या या.

निरोप घेऊन मीच गेलो होतो. सरूबाई अंगणात जाळं सुकवत होती. तिनं विचार केला. मुकादम म्हणाला होता की पंधरा दिवसांनी दुसरा ट्रक आणतो. आठ दिवस इथं घरी राहून काम, मग तो ट्रक. सुनेला सातवा महिना होता, तिच्याजवळ तेवढे दिवस राहता येणार होतं. सरूबाई थांबली म्हणून आणखी दहा जणी थांबल्या. ट्रक बाकीच्यांना घेऊन गेला.

दोन दिवस बाया बसल्या. तिसऱ्या दिवशी शेठला माल घेणाऱ्याचा फोन आला, उद्या गाडी भरली नाही तर सौदा मोडला. शेठनं स्वतःची जीप राजुऱ्याला पाठवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, बाईंना घेऊनच ये. वजनकाट्याचं काम अर्धवट सोडून बाई दुपारी मिलमध्ये उतरल्या. त्यांना ट्रकबद्दल काहीच माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. घाईत होतो, आणि सांगून त्या काय करणार, असंही वाटलं. संध्याकाळच्या आत हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया सूप घेऊन आल्या आणि गेटवरून परत गेल्या. दुसरा ट्रक आलाच नाही. मुकादमाला तिकडेच माणसं मिळाली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा लाइन गेली. कुमरे बाई सकाळच्या बसनं आल्या. ताडपत्रीवर चार-पाच नवीन बाया होत्या, सरूबाई नव्हती. बाईंनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पत्र्यावर हात टेकला, पण मशीन उघडली नाही. पिशवी तिथेच ठेवून म्हणाल्या, "चला, तिचं घर दाखवा."

सरूबाई तलावाच्या पाळीवर बसून मासे साफ करत होती. बाई तिच्याजवळ खाली बसल्या. सरूबाई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बाई, एक ईचारू? तुमाले ते मशीन पक्की करता येत नाई का?"

बाईंनी खोटं बोलायला हवं होतं असं मला त्या वेळी वाटलं. त्या म्हणाल्या, "येते."

सरूबाईचा हात थांबला. "मंग काऊन नाई केली?"

"तुमाले काम भेटते म्हनून."

सरूबाईनं बराच वेळ पाण्याकडं पाहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काम कुठी भेटते बाई? आमाले वाट पाहाले भेटते. आज बसन, उद्या बसन. लाइन गेली का आमी मिलकडं कान लावून. रोवनीले जाऊ का नको, मिरचीले जाऊ का नको. यंदा घरात तिखट नाई. सून म्हनते, बुढी मशीनच्या भरोशावर राह्यली."

"मले मालूम नोहोतं, ट्रक उभा हाय म्हनून."

"तुमाले कसं राहीन मालूम? तुमच्यावर नाव नाई टाकून राह्यली मी." तिनं पुन्हा मासा हातात घेतला. "पन एक करा. चालली तं चालली म्हना. मेली तं मेली म्हना. आमाले मधातच नका ठेवू."

बाईंनी टोपलीतला एक मासा घेतला आणि विळीच्या पातीवर धरून साफ करायला लागल्या. टोपली रिकामी होईपर्यंत दोघी बसल्या होत्या. गोंडी सरूबाईला येत नव्हती, बाईंना बोलायचं नव्हतं, आणि मी पाळीवर उभा राहून इकडं तिकडं पाहत होतो.

मिलमध्ये परत आल्यावर बाईंनी हात दोनदा धुतले, साबणाची डबी काढली आणि कार्ड बोर्डाला झाळलं. मी बॅटरी धरली होती. त्यांचे डोळे तोवर बरेच कमी झाले होते. एक टाका तीन वेळा काढून पुन्हा घातला. मग मला म्हणाल्या, "मेन बंद करा." मी केलं. चालू केलं. दिवा आपोआप लागला. आणखी दोनदा तेच करायला लावलं. दोन्ही वेळा लागला. बोटांच्या पेरांवर मोजायला काही उरलं नव्हतं.

शेठ खूष झाले. "बाई, हे पयलेच काऊन नाई केलं?"

"पयले नाई झालं," बाई म्हणाल्या.

शेठनं गाडीनं चंद्रपूरला सोडतो म्हटलं. नको म्हणाल्या. बायांना त्या दिवसाचं काम पूर्ण करू द्या, एवढं मागितलं, ते शेठनं दिलं. जाताना त्या ताडपत्रीच्या बाजूनं गेल्या. बायांना थांबून सांगितलं, "आता मशीन बसनार नाई. वाट नका पाहू." एकीनं बरं म्हटलं. बाकीच्या निवडत होत्या. मी बसस्टँडपर्यंत सोबत गेलो. वाटेत त्या एकदा म्हणाल्या, "मायले कोनी असं तोंडावर सांगतलं नोहोतं. ती आठ दिवस रोज जाये अन् गेटवरून परत ये."

त्यानंतर त्या मिलमध्ये आल्या नाहीत. यायचं कारणच उरलं नव्हतं. मशीन एकदाही बसली नाही. सुरुवातीला मी महिन्यातून एखादा फोन करायचो. वजनकाट्याची कामं कमी झाली होती, नवीन काटे येत होते आणि ते बिघडले तर कंपनी अख्खाच बदलून द्यायची. डोळ्याचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं राहिलं. मग फोन कमी झाले, नंबर बदलला. ताडपत्री गोदामात गुंडाळून ठेवली ती उंदरांनी कुरतडली.

मागच्या वर्षी शेठच्या मुलानं कारभार हातात घेतला आणि नवीन सॉर्टर आणली. जुनी एका सोमवारी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. मीच नट सैल केले. बोर्ड काढून ठेवावा असं वाटलं होतं, पण ठेवून काय करणार होतो?

त्याच आठवड्यात मी मूलच्या बसस्टँडवर सिंदेवाहीकडं जाणाऱ्या बसची वाट पाहत होतो. चंद्रपूर-गडचिरोली गाडी लागली. दाराशी झुंबड होती. मी खिडक्यांच्या बाजूनं चाललो होतो तर एका खिडकीला डोकं टेकून कुमरे बाई झोपलेल्या दिसल्या. केस सगळे पांढरे. मांडीवर पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. तोंड किंचित उघडं. दमलेलं माणूस बसमध्ये झोपतं तशा झोपल्या होत्या. उठवू नये असं वाटलं. तरी मी काचेवर बोट वाजवलं.

डोळे उघडले. मला ओळखायला वेळ लागला. मग काच सरकवायला लागल्या, ती अर्ध्यात अडकली.

"शेंडे भाऊ."

"कुठी निघाल्या, बाई?"

"गावाले. आता तिथीच राहीन म्हनतो. भाऊ बोलावून राह्यला." थोडं थांबून म्हणाल्या, "सरूबाई कशी हाय?"

"बरी हाय. मिरचीले गेली यंदाबी. सोबत सुनेले घेऊन गेली."

त्यांनी मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडीनं धक्का घेतला आणि थांबली, पुढं कोणीतरी चढत होतं.

"अन् मशीन?"

"चालून राह्यली," मी म्हटलं. "लाइन किती वेळा गेली. एकदाबी बसली नाई."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मला वाटलं, त्या मला विचारतील, तुम्ही काय केलं ते आधी सांगा. पण त्यांनी विचारलं नाही. डोकं पुन्हा काचेला टेकलं, आणि गाडी स्टँडच्या बाहेर वळायच्या आत त्यांचे डोळे मिटलेले होते.